सूर्याकडे टक लावून बघणं (सूर्यत्राटक): माहिती आणि अनुभव हवे आहेत

कृष्णाकाठ

माझे काका सांगलीला असतात. सत्तरीला आलेत, मधुमेह जुना आहे. गेल्या वर्षी ते एका शिबिराला जाऊन आले. तेव्हापासून रोज सकाळी गच्चीवर अनवाणी उभे राहून उगवत्या सूर्याकडे पापणी न हलवता बघत असतात. पद्धत ठरलेली आहे. सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि सूर्यास्ताआधीचा शेवटचा तास सुरक्षित, असं शिबिरात सांगतात. पहिल्या दिवशी दहा सेकंद बघायचं, मग रोज दहा सेकंद वाढवायचे आणि ४४ मिनिटांवर पोचलं की थांबायचं. हिशेब केला तर २६४ दिवस होतात, म्हणजे नऊ महिने. तेवढ्यात मन शांत होतं, चष्मा सुटतो, साखर ताब्यात येते आणि शेवटी भूकच उरत नाही, असं त्यांना सांगितलंय.

थोडं शोधल्यावर कळलं की हे वेळापत्रक हिरा रतन माणेक यांच्या नावावर आहे. त्यांचा जन्म १९३७चा, घराणं गुजराती जैन, वास्तव्य होतं केरळात कोझिकोडला आणि शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं. २०००-०१मध्ये अहमदाबादला त्यांनी फक्त पाणी आणि सूर्यप्रकाश यांवर ४११ दिवस उपास केला असा दावा आहे, आणि त्यामुळे त्यांचं नाव जगभर झालं. ‘नासाने हे मान्य केलं’ असा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर महिन्याला येतो. नासाने असं काहीही प्रसिद्ध केलेलं नाही. ‘ईट द सन’ हा माहितीपट २०११मध्ये आला. त्यात सूर्याकडे बघण्याचा सराव करणारा एक तरुण आहे, आणि त्यातच माणेक सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात जेवताना दिसतात. शिबिरात हा भाग कुणी सांगितलेला दिसत नाही.

काकांची श्रद्धा मोडायची माझी इच्छा नाही. आमच्या घरी रथसप्तमीला तुळशीपुढे गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध उतू घालतात, श्रावणातल्या रविवारी राणूबाईची कहाणी वाचतात. सूर्य आम्हाला घरातलाच वाटतो. म्हणून तर भीती वाटते. एखादी नवी गोष्ट ‘आपलीच जुनी’ म्हणून सांगितली की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो. काकांनी यंदा डोळ्यांची तपासणीही टाळली आहे. ‘सूर्यनारायण बघतोय ना,’ म्हणतात.

जाणकारांनी लिहावं. स्वतः करणाऱ्यांनीही मोकळेपणाने लिहावं, कुणी अंगावर येणार नाही.

अरुणोदय

मी करतो, म्हणून लिहितो. नाशिकला गोदावरीच्या काठी सकाळी उभा राहतो, ऊन कोवळं असेपर्यंतच. मला याचा फार उपयोग झाला आहे. झोप सुधारली, चिडचिड कमी झाली, दिवस लवकर सुरू होतो. डोळ्यांना त्रास म्हणाल तर आजवर काही नाही.

परंपरेत हे नाही असं कसं म्हणता? संध्येच्या उपस्थानात सूर्याकडे तोंड करून म्हणतात, ‘तच्चक्षुर्देवहितं पुरस्ताच्छुक्रमुच्चरत्, पश्येम शरदः शतम्’. तो देवांचा डोळा उगवतोय, तो आम्ही शंभर वर्षं पाहू दे, अशी ती प्रार्थना आहे. तान्ह्या बाळाला चौथ्या महिन्यात बाहेर आणून सूर्य दाखवतात. मुंजीत बटूला सूर्य दाखवतात. पतंजलींनी ‘भुवनज्ञानं सूर्ये संयमात्’ म्हटलं आहे, म्हणजे सूर्यावर संयम केला की भुवनांचं ज्ञान होतं. हे सगळं बघणंच आहे.

शांभवी_क

अरुणोदय, तुमचे चारही दाखले खरे आहेत, आणि त्यांचा आदर ठेवूनच पुढचं लिहिते.

बाळाला बाहेर आणतात त्या निष्क्रमण संस्कारात किंवा मुंजीत असतं ते दर्शन. गाभाऱ्यासमोर क्षणभर उभं राहून नजर खाली करतो, तितकंच. ४४ मिनिटं सोडा, एक मिनिट टक लावावी असंही त्या विधींत नाही. उपस्थानात हात वर करून, सूर्याकडे तोंड करून मंत्र म्हणायचा असतो. नजर रोखून धरण्याची आज्ञा तिथेही नाही.

उलट स्पष्ट मनाई मात्र सापडते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाची व्रतं सांगितली आहेत, त्यात ३७वा श्लोक आहे: ‘नेक्षेतोद्यन्तमादित्यं नास्तं यान्तं कदाचन’. उगवता सूर्य पाहू नये, मावळताही कधी पाहू नये. पुढच्या ओळीत ग्रहण लागलेला, पाण्यात प्रतिबिंब पडलेला आणि माथ्यावर आलेला सूर्यही वर्ज्य केला आहे. ज्या दोन वेळा आज ‘सुरक्षित’ म्हणून सांगतात, त्यांचीच नावं तिथे पहिली आहेत. मनुस्मृती बाजूला ठेवायची असेल तर जरूर ठेवा, मग आयुर्वेदाचे आचार्य वाग्भट घ्या. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. रोज काय करावं, काय टाळावं, हे सांगताना तिथे येतं, ‘सर्वथेक्षेत नादित्यम्’, सूर्याकडे मुळीच बघू नये. लगेच पुढे फार बारीक आणि फार झगझगीत वस्तूंकडे सतत बघू नये असंही सांगितलं आहे. हा तर वैद्याचा सल्ला झाला.

आता त्राटक. हठयोगप्रदीपिकेच्या दुसऱ्या अध्यायात षट्कर्मांमध्ये, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांमध्ये, त्राटक आहे. एकाग्र होऊन, नजर न हलवता, पाणी येईपर्यंत ‘सूक्ष्म लक्ष्याकडे’ पाहावं, एवढंच ग्रंथकर्त्या स्वात्मारामाने सांगितलं. सूक्ष्म लक्ष्य म्हणजे बारीकसा बिंदू, फार तर समईची ज्योत. सूर्याचं नाव तिथे नाही. आणि पतंजलींचा संयम म्हणजे धारणा, ध्यान आणि समाधी तिन्ही एकत्र. ते मनाचं काम आहे. व्यासभाष्यही तिथे सूर्यद्वाराची आणि सात लोकांची चर्चा करतं, डोळ्यांच्या सरावाची नाही.

ध्रुवमत्स्य

मी हौशी आकाशनिरीक्षक आहे. दुर्बीण घेऊन सूर्याचे डाग दाखवायचे कार्यक्रम आम्ही करतो, तेही कायम गाळणी (फिल्टर) लावून. त्यामुळे ‘पहिला तास सुरक्षित’ हे वाक्य कुठेही दिसलं की मी थांबतो.

सूर्य अगदी क्षितिजावर असतो तेव्हा त्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्यापेक्षा साधारण ३८ पट जास्त हवेतून येतो. निळा-जांभळा भाग वाटेतच विखुरतो, म्हणून तो लाल आणि सौम्य दिसतो. पण ही स्थिती फार वेळ टिकत नाही. महाराष्ट्राच्या अक्षांशावर सूर्याचं बिंब क्षितिजावर पूर्ण यायला सव्वादोन मिनिटं पुरतात. ४४ मिनिटांनी तो जवळपास दहा अंश वर असतो आणि हवेचा थर ३८ पटींवरून पाच-सहा पटींवर आलेला असतो. तास भरला की बारा ते चौदा अंश, आणि थर चौपटीच्या आसपास. म्हणजे पद्धतीप्रमाणे रोज वेळ वाढवणारा माणूस शेवटच्या महिन्यांत सर्वांत प्रखर सूर्याकडे सर्वांत जास्त वेळ बघत असतो. या वेळापत्रकाची ही रचनाच मला धोक्याची वाटते.

दुसरी गोष्ट आपल्या मुलखाची. पंचांगातला सूर्योदय सपाट क्षितिजाचा असतो. चिपळूण-महाडकडे पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. तिथे सूर्य डोंगरावर येतो तेव्हा तो आधीच बराच वर चढलेला असतो. पहिलं किरण दिसलं म्हणून कोवळं ऊन समजून बघणारा माणूस प्रत्यक्षात चढलेला सूर्य बघतो. शहरात समोरच्या इमारतींमुळेही तेच होतं. कृष्णाकाठ, काकांच्या गच्चीवरून पूर्वेला काय आहे ते बघा.

न्यूटनने तरुणपणी आरशातून सूर्याकडे बघण्याचे प्रयोग केले होते. १६९१ साली तत्त्वज्ञ जॉन लॉकला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की नंतर कुठल्याही उजेडाकडे पाहिलं तरी त्याला सूर्यच दिसायचा, आणि शेवटी त्याने तीन दिवस अंधाऱ्या खोलीत कोंडून घेतलं. मानसभौतिकी, म्हणजे संवेदना मोजण्याचं शास्त्र, उभी करणारा गुस्ताव फेखनर रंगीत काचांतून सूर्य बघत राहिला आणि त्याने डोळे इतके बिघडवून घेतले की १८४०च्या सुमारास त्याला प्राध्यापकी सोडावी लागली.

नेत्रपल्लवी

मी नेत्रतज्ज्ञ आहे, पडद्याच्या आजारांवर काम करते. थोडं सविस्तर लिहिते, कारण ‘मला काही त्रास नाही’ हे वाक्य मी दवाखान्यात अनेकदा ऐकते.

डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. तिथे दुखणं पोचवणाऱ्या नसाच नाहीत. म्हणून बघताना काहीच जाणवत नाही. इजा निव्वळ उष्णतेने भाजल्यासारखी नसते. मुख्यतः निळ्या आणि त्याच्या जवळच्या अतिनील प्रकाशाने पेशींत रासायनिक बिघाड होतो, आणि तो साठत जातो. लक्षणं काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दिसतात. नजरेच्या मधोमध धूसर ठिपका, सरळ रेघा वाकड्या दिसणं, रंग फिके पडणं, उजेड सहन न होणं. मधोमधच का, तर आपण ज्या वस्तूकडे रोखून बघतो तिची प्रतिमा पडद्याच्या मधोमध असलेल्या पीतबिंदूच्या अगदी केंद्रावर पडते. वाचायला, सुईत दोरा ओवायला, समोरच्याचा चेहरा ओळखायला हाच भाग लागतो. बाजूचं सगळं दिसत राहतं, त्यामुळे माणूस बरेच दिवस वेळ मारून नेतो.

ओसीटी नावाच्या तपासणीत पडद्याचे थर दिसतात. सूर्याने इजा झालेल्या डोळ्यात केंद्रावरच्या बाहेरच्या थरांत बारीक खंड पडलेला दिसतो. २०१७च्या ऑगस्टमधल्या ग्रहणानंतर न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एका तरुणीच्या पडद्याचे फोटो प्रसिद्ध केले. त्यांत इजेचा आकार चक्क ग्रहण लागलेल्या सूर्याच्या कोरीसारखा होता. आपल्याकडे २००८ साली केरळमध्ये कोट्टायम जिल्ह्यात आकाशात मेरीमातेची प्रतिमा दिसते अशी वदंता पसरली. सूर्याकडे बघून डोळ्यांना इजा झालेले पन्नासेक लोक रुग्णालयांत आल्याच्या बातम्या तेव्हा होत्या. तीही श्रद्धाळू माणसंच होती.

खात्रीचा असा उपचार या इजेवर नाही. बऱ्याच जणांची नजर तीन ते सहा महिन्यांत सुधारते. काहींच्या नजरेत ठिपका कायमचा राहतो.

ज्यांना जास्त धोका आहे त्यांची नावं घेते. लहान मुलं, कारण त्यांचं भिंग स्वच्छ असतं आणि प्रकाश जास्त आत जातो. कृपा करून नातवंडांना शेजारी उभं करू नका. पांढऱ्या डागांसाठी सोरालेन घेणारे. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं चालू असलेले. पीतबिंदूचा आजार आधीपासून असलेले. आणि मधुमेही. मधुमेहात पडद्यावर होणारे बदल सुरुवातीला अजिबात जाणवत नाहीत, म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघावाच लागतो. काकांच्या बाबतीत मला सूर्याइतकीच त्या चुकलेल्या तपासणीची काळजी वाटते.

उत्तरायण_ऑस्लो

इथे नॉर्वेत, ऑस्लोला, डिसेंबरात सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सहा-सात अंशांवर असतो आणि दिवस जेमतेम सहा तासांचा. पहिल्या हिवाळ्यात माझी अवस्था वाईट झाली होती. उठावंसं वाटायचं नाही, कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. डॉक्टरांनी प्रकाशदिवा सांगितला. दहा हजार लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप), सकाळी अर्धा तास, आणि वर स्पष्ट सूचना की दिव्याकडे बघायचं नाही. तो टेबलावर बाजूला ठेवायचा आणि आपण चहा घ्यायचा, वाचायचं. फरक पडला, आणि तो खरा होता.

म्हणून अरुणोदय यांना झोप आणि मन याबाबत जे जाणवलं त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त त्यासाठी बिंबाकडे बघायची गरज नाही. पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं काम चित्र दाखवण्याचं नसून मेंदूतल्या घड्याळाला उजेडाची खबर देण्याचं असतं. त्यांतलं मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य गेल्या पंचवीसेक वर्षांतच समजलं. या पेशी पूर्ण पडद्यावर पसरलेल्या असतात आणि त्यांना आभाळाचा पसरलेला उजेड पुरतो. घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स, बाहेर सावलीतसुद्धा काही हजार.

इथून पश्चिमेला र्‍यूकान नावाचं गाव दरीत वसलं आहे. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत तिथे ऊन पोचत नाही. २०१३मध्ये त्यांनी डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले आणि चौकात ऊन उतरवलं. लोक तिथे बाकांवर येऊन बसतात, चेहरा वर करतात, डोळे मिटतात. मी ते पाहिलं आहे. सूर्याची ओढ इतकी खरी असते हे मला तिथे जाऊन पटलं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शिबिरात ‘ड जीवनसत्त्व डोळ्यांवाटे मिळतं’ असंही सांगितलंय. त्याचं काय?

नेत्रपल्लवी

ड जीवनसत्त्व त्वचेत तयार होतं, डोळ्यांत नाही. त्याला अतिनील ‘ब’ किरण लागतात, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे. सूर्य क्षितिजाजवळ असताना हे किरण हवेतच अडतात. म्हणजे सूर्योदयाला कितीही वेळ बघा, ड जीवनसत्त्व जवळपास शून्य. त्यासाठी सूर्य वर आल्यावर हातपाय थोडा वेळ उन्हात हवेत, आणि सूर्याकडे पाठ करून बसलं तरी चालतं.

उन्हाच्या उपचाराला मी कमी लेखत नाही. नील्स फिन्सेनला १९०३चं नोबेल त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल मिळालं. शाळकरी मुलं रोज दोनेक तास मोकळ्यावर राहिली तर चष्म्याचा नंबर लागण्याचं प्रमाण घटतं, हे आज आम्ही पालकांना आवर्जून सांगतो. उजेड डोळ्यांना हवाच असतो. बिंबावर नजर रोखू नका, एवढंच.

चष्मा सुटण्याचा दावा बराचसा न्यूयॉर्कच्या नेत्रवैद्य विल्यम बेट्स यांच्यापासून आला. १९२०च्या पुस्तकात त्यांनी सूर्याकडे बघणं सांगितलं होतं. त्यांच्या पंथातल्या पुढच्या शिक्षकांनी ते मिटल्या पापण्यांवर आणलं. पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमात डॉ. आर. एस. अगरवाल यांनी शिकवलेला सूर्योपचारही मिटल्या डोळ्यांचाच. चष्म्याचा नंबर बुबुळाच्या वक्रतेवर आणि डोळ्याच्या लांबीवर ठरतो. उन्हाने यातलं काही बदलत नाही.

अरुणोदय

वाचतोय आणि विचार करतोय. शांभवीताई, वाग्भटांचं वचन मला माहीत नव्हतं, मूळ काढून पाहिलं, तसंच आहे. तरीही एक सांगतो. बिंब वर येतानाचे ते क्षण माझ्यासाठी दिवसातले सर्वांत पवित्र क्षण आहेत आणि मी ते सोडणार नाही. ध्रुवमत्स्य म्हणतात तसं वेळ वाढवत नेणं मात्र थांबवतो. बिंब क्षितिजापासून सुटलं की नजर खाली, पाण्यावर. अर्घ्याच्या धारेतून पाहिलं तर चालेल ना? आमच्याकडे तसं सांगतात.

ध्रुवमत्स्य

नाही. पाण्याची पातळ धार दिसणारा प्रकाश अडवत नाही, फक्त हलवते. पाण्यावरचं प्रतिबिंबही सूर्य चढल्यावर तितकंच टाळायचं. एक्सरेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधे गॉगल यांपैकी काहीही चालत नाही. अर्घ्य देताना नजर ओंजळीवर ठेवा.

शांभवी_क

अर्घ्य देताना नजर ओंजळीवर ठेवली तर विधीत काहीही उणं पडत नाही, हे मी खात्रीने सांगते. आणि कृष्णाकाठ, काकांना सूर्याजवळ राहायचं असेल तर त्यांच्यापुढे आपल्याच मातीतला आणखी एक रस्ता ठेवा. सांगलीहून औंध किती लांब आहे? औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळाशाळांत नेले, स्वतः म्हातारपणापर्यंत घातले आणि १९२८मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ‘ॐ मित्राय नमः’पासून बारा नावं, प्रत्येक नावाला एक नमस्कार, श्वासाच्या लयीत. सत्तरीत जमतील तितकेच, डॉक्टरांना विचारून. शिवाय नेत्रांसाठी सूर्याची प्रार्थना करणारी चाक्षुषी विद्या आहे, ‘चक्षुः चक्षुः चक्षुः तेजः स्थिरो भव’. ती डोळे मिटून म्हणता येते. आमच्याकडे आजोबा रोज म्हणायचे.

कृष्णाकाठ

काल काकांशी तासभर बोलले. वाद घातला नाही. वाग्भटांची ओळ वाचून दाखवली, ती त्यांनी दोनदा वाचायला लावली आणि वहीत उतरवून घेतली. गच्चीच्या पूर्वेला चार मजली इमारत आहे, म्हणजे त्यांना सूर्य दिसतो तेव्हा तो बराच वर आलेला असतो, हेही त्यांनी स्वतःच ओळखलं. मग म्हणाले, ‘अगं, वाचताना हल्ली मधलं अक्षर पुसल्यासारखं होतं, मला वाटलं चष्मा बदलायला झालाय.’

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. सध्या बघणं बंद करायला ते तयार झाले आहेत, कायमचं म्हणत नाहीत. चाक्षुषी पाठ करायची आहे त्यांना. डॉक्टर, आता नेमकं काय करू?

नेत्रपल्लवी

आलेख काढायच्या वहीचा चौकटींचा कागद घ्या, मधोमध एक ठिपका काढा. काकांना वाचायचा चष्मा लावून तो फूटभर अंतरावर धरायला सांगा. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधली चौकट गायब वाटली तर कोणता डोळा ते लिहून ठेवा. पण सगळं सरळ दिसलं तरी तपासणी टाळायची नाही. अक्षर पुसल्यासारखं होणं मधुमेहाच्या सुजेमुळेही असू शकतं, आणि त्यावर वेळेत गेलं तर उपचार आहे. म्हणून या आठवड्यातच, पडद्याच्या डॉक्टरांकडे.

तिथे गेल्यावर सूर्याकडे बघत होते हे आधी सांगा. काका संकोचतील, तर तुम्ही सांगा. किती महिने, साधारण किती मिनिटं, कोणत्या वेळी, हे सगळं. औषधांची चिठ्ठी आणि शेवटचा साखरेचा रिपोर्ट बरोबर न्या. ओसीटी होते का ते आधी फोन करून विचारा. बाहुली मोठी केल्यावर चार-पाच तास नीट दिसत नाही आणि उजेड खुपतो, तेव्हा त्यांना स्कूटरवरून एकटं पाठवू नका.